कितवा सिलिंडर मारत नाही?

ऊसतोड सुरू झाली की आमच्या दुकानासमोर ट्रॅक्टरांची रांग लागते, आणि या सदराच्या पत्रांतही तेच दिसतं. या खेपेला बहुतेक सगळी पत्रं एकाच विषयाची निघाली : एका ओळीत उभे असलेले सिलिंडर. तीन बरे की चार, सहाचं इंजिन मऊ का चालतं, चारातला एकच रॉड (पिस्टनला खालच्या फिरणाऱ्या क्रँकशी जोडणारा दांडा) का वाकला. नवीन वाचकांसाठी सांगतो, माझं सांगलीत माधवनगर रस्त्याला बोअरिंगचं दुकान आहे. ब्लॉक बोअर करणं, लायनर (सिलिंडरच्या आतली नळी) बसवणं, क्रँक ग्राइंडिंग, हेड प्लेन करणं, 38 वर्षं हेच करतो. इंजिन माझ्याकडं येतं ते उघडून, सुटं होऊन. त्यामुळं ते आतून कसं दिसतं ते मला ठाऊक आहे, आणि उघडायची गरज नव्हती अशी किती येतात तेही.

प्रश्न : माझा ट्रॅक्टर तीन सिलिंडरचा आहे, भावकीतल्या एकाचा चार सिलिंडरचा. दोन्हींची ताकद जवळजवळ सारखीच. पण स्लोवर उभा केला की माझ्या ट्रॅक्टरचं स्टिअरिंग, मडगार्ड, सीट सगळं थरथरतं. त्याचा शांत असतो. मी घेताना चुकलो का? द्राक्षबागेत ब्लोअरला आणि शेणखताच्या ट्रॉलीला वापरतो.
— एक बागायतदार, मणेराजुरी (ता. तासगाव)

दादा, चुकला नाहीत. पण थरथर कुठून येते ते कळल्याशिवाय तुमच्या मनातून ते जायचं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्या भागातले दोन ट्रॅक्टर घ्या, दोन्ही सगळ्यांच्या ओळखीचे. महिंद्रा 575 चार सिलिंडरचा, 2,730 सीसी. स्वराज 735 तीन सिलिंडरचा, 2,734 सीसी. फरक चार सीसीचा, चहाच्या चमच्याएवढाही नाही. म्हणजे इंजिनाचं पोट तेवढंच, फक्त एकात त्याचे चार वाटे केलेत नि दुसऱ्यात तीन. एका वाट्याला 682 सीसी येतात, दुसऱ्याला 911. तिनातला प्रत्येक ठोका मोठा असतो, पण ठोक्यांची संख्या कमी.

आता हे ठोके किती अंतरानं पडतात ते बघा. चार स्ट्रोकच्या (हवा ओढणं, दाबणं, मारणं, धूर टाकणं) इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा मारतो. दोन फेऱ्या म्हणजे 720 अंश. चारानं भागलं की 180 येतात, तिनानं भागलं की 240. आणि एका ठोक्याचा जोर काही झालं तरी 180 अंशांच्या आत संपतो, कारण पिस्टन तळाला पोचायच्या आधीच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडायला लागतो. म्हणजे तिनाच्या इंजिनात दर ठोक्यानंतर निदान 60 अंश असे जातात की क्रँकला कुणीच ढकलत नाही. तेवढं अंतर फ्लायव्हील, म्हणजे क्रँकवरचं जड चाक, एकटं ओढून नेतं. 800 आरपीएमच्या स्लोवर तिनाचं इंजिन सेकंदाला 20 ठोके मारतं, चाराचं जवळजवळ 27. रेस वाढवली की ठोके इतके जवळ येतात की हाताला कळत नाहीत, म्हणून तुमची तक्रार फक्त स्लोवरची आहे.

दुसरं कारण क्रँकच्या घडणीत आहे. दुकानात आलात तर दोन्ही क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवून दाखवीन. तिनाचा क्रँक पुढून बघितला तर तीन पिना (रॉड जिथं बसतात त्या जागा) छताच्या पंख्याच्या तीन पात्यांसारख्या दिसतात, 120 अंशांवर एकेक. तीन पिस्टनचं वर-खाली होणं एकमेकांत फिटतं, बेरीज शून्य. पण ते एका जागी फिटत नाही. पुढचा पिस्टन वर ओढतो तेव्हा त्याला तोलणारे मधे आणि मागं असतात. म्हणून इंजिनाचं नाक वर, शेपूट खाली, मग उलटं, पाळण्यासारखं. चाराचा क्रँक पुढून सपाट दिसतो : 1 आणि 4 एका बाजूला, 2 आणि 3 दुसऱ्या बाजूला. पुढचा अर्धा भाग मागच्या अर्ध्याचं आरशातलं रूप असतो, त्यामुळं पाळणा होत नाही.

मग चाराचं इंजिन निर्दोष का? तेही नाही. एकदा मी डिग्री प्लेट आणि डायल गेज लावून हे स्वतः मोजून बघितलं होतं. समजा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरून खालपर्यंतची चाल, 110 मिमीचा आहे आणि रॉड 200 मिमीचा. पिस्टन वरच्या टोकाला असताना क्रँक बरोबर पाव फेरी फिरवा. पिस्टन निम्मा, म्हणजे 55 मिमी खाली यायला हवा असं आपल्याला वाटतं. तो येतो जवळजवळ 63 मिमी, कारण रॉड तिरका होताना स्वतःही पिस्टनला खाली ओढतो. आता त्याच वेळी खालून वर निघालेले दोन पिस्टन किती चढले असतील? 47 मिमी. दोन पिस्टन 63 उतरले, दोन 47 चढले, हिशेब जुळला नाही. हा न जुळलेला हिशेब दर फेरीत दोनदा इंजिनाला वर-खाली हलवतो, आणि रेस वाढेल तसा झपाट्यानं वाढतो. म्हणून चाराचं इंजिन स्लोवर शांत आणि जास्त रेसला गुणगुणतं. मोठ्या चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दुप्पट वेगानं उलटसुलट फिरणारे दोन वजनदार शाफ्ट घालतात ते यासाठीच. फ्रेडरिक लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ती युक्ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढली, ती आजही चालते.

तुम्हाला थरथर जास्त जाणवायचं आणखी एक कारण म्हणजे ट्रॅक्टर. कारचं इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलेलं असतं. बहुतेक ट्रॅक्टरांत इंजिन हाच सांगाडा, पुढं ॲक्सल आणि मागं गिअरबॉक्स थेट त्याला बोल्टनं आवळलेला. मधे रबर नाही. इंजिन हललं की सीट हलणारच.

तुमच्या कामाला तीन सिलिंडर उत्तम आहे. ब्लोअर पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर) ठरलेल्या रेसला चालतो, तिथं स्लोचा प्रश्नच येत नाही. आणि माझ्या धंद्याच्या विरुद्ध बोलतो, पण उद्या इंजिनकाम निघालं तर एक लायनर, एक पिस्टन, एक रिंगसेट, एक नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा) कमी लागेल.

फक्त एक बघा. थरथर घेतल्यापासून तशीच आहे, की गेल्या वर्षभरात वाढली? वाढली असेल तर ते तीन सिलिंडरमुळं नाही, एक सिलिंडर नीट मारत नसेल. जुन्या पद्धतीचा डिझेल पंप असेल तर मेकॅनिककडून एवढंच करून घ्या : इंजिन स्लोवर ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट अर्धा आटा सैल करायचा. चांगल्या सिलिंडरचा नट सैल केला की इंजिन लगेच बसतं, आवाज पडतो. ज्याचा सैल करूनही आवाजात काही फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. डोळ्यावर चष्मा हवा आणि पाइपावर जाड फडकं हवं, हात सांध्याच्या समोर नको. नोझल साधारण 200 बारला उघडतो, त्या दाबाची धार कातडीत घुसते. आणि इंजिन कॉमन रेलचं, म्हणजे संगणकानं डिझेल सोडणारं, असेल तर हे अजिबात करायचं नाही. तिथं दाब हजार बारच्या वर जातो, तिथं संगणक लावूनच तपासायचं.

मी हे इतकं सांगतोय कारण दर हंगामात एखादं तरी इंजिन पूर्ण सुटं होऊन माझ्या टेबलावर येतं आणि मापं घेतल्यावर कळतं की दोन लायनर नव्यासारखे आहेत. नोझलच्या कामासाठी शेतकऱ्यानं पूर्ण इंजिनकामाचे पैसे मोजलेले असतात. मला त्याचा फार त्रास होतो. पाच मिनिटांची तपासणी आधी, पाना नंतर.

प्रश्न : सर, मी आयटीआयला डिझेल मेकॅनिक करतोय. फायरिंग ऑर्डर 1-3-4-2 पाठ आहे. पण सरळ 1-2-3-4 का नाही? आणि टॅपेट सेटिंगला गॅरेजमधले लोक नंबर बघून लगेच बोलतात, "चार झुलतोय, एक कर." हे कसं?
— एक विद्यार्थी, मिरज

तुझा प्रश्न मला फार आवडला. पाठ केलेलं का आहे ते विचारणारी मुलं हवीत.

वर सांगितलेला सपाट क्रँक डोळ्यांपुढं आण. 1 वर आहे आणि मारतोय. 180 अंशांनी वर कोण येणार? 2 आणि 3. दोघांतला कुणीतरी एक मारू शकतो. त्यानंतर पुन्हा 1 आणि 4 वर येतात, 1 नं तर आत्ताच मारलंय, म्हणून 4. मग उरलेला. म्हणजे या क्रँकवर दोनच क्रम शक्य आहेत : 1-3-4-2 किंवा 1-2-4-3. दुसरा क्रम काही जुन्या फोर्ड इंजिनांत होता. 1-2-3-4 करायला गेलास तर 2 नंतर 3 ची पाळी येईल तेव्हा 3 तळाला बसलेला असेल. क्रँकच परवानगी देत नाही.

आता टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट. 1 आणि 4 नेहमी एकत्र वर येतात, पण एक मारण्याच्या तयारीत असतो आणि दुसऱ्याचा धूर निघून संपत आलेला असतो. त्या दुसऱ्याच्या रॉकरवर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या पट्ट्यांवर) दोन बोटं ठेव आणि पुलीचा नट पान्यानं हळूहळू फिरव. एक्झॉस्टचा रॉकर वर येत असतानाच इनटेकचा खाली दबायला लागतो. तराजूची दोन पारडी समान होतात तसा एक क्षण बोटांना कळतो. त्यालाच झुलणं म्हणतात. 4 झुलतोय म्हणजे 1 कॉम्प्रेशनच्या टोकाला आहे, त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण बंद, गेज घाल आणि टॅपेट कर. 1 झुलला की 4 कर. 2 झुलला की 3 कर, 3 झुलला की 2.

जोडी लक्षात ठेवायची सोपी खूण आहे : चाराच्या इंजिनात जोडीची बेरीज पाच, सहाच्या इंजिनात सात. सहाचा क्रम बहुतेक ठिकाणी 1-5-3-6-2-4 असतो. 6 झुलला की 1, 2 झुलला की 5, 4 झुलला की 3. बेरीज करून बघ.

सहाचा तो क्रम एकदा कागदावर लिहून त्याखाली पुढचा-मागचा अशी खूण कर. 1 पुढच्या तिनातला, 5 मागच्या तिनातला, 3 पुढचा, 6 मागचा, 2 पुढचा, 4 मागचा. एकाआड एक. आणि लागोपाठ मारणारे दोन सिलिंडर कधीच शेजारी-शेजारी नाहीत, त्यामुळं एका बेअरिंगवर लागोपाठ दोन घाव पडत नाहीत. चारात हे पूर्ण साधत नाही. 3 नंतर शेजारचा 4 आणि 2 नंतर शेजारचा 1 मारतोच. सहाचा क्रम ज्यानं कुणी प्रथम मांडला त्याला मी मनोमन नमस्कार करतो.

मी तुझ्या वयाचा असताना एका पेट्रोल जीपच्या 2 आणि 3 च्या प्लगच्या वायरी अदलाबदल करून बसवल्या होत्या. गाडी दोन सिलिंडरवर धडपडत चालू झाली आणि कार्बोरेटरमधून जाळ आला. उस्तादांनी काही न बोलता प्रत्येक वायरला फाइलनं खाचा पाडायला लावल्या, एक, दोन, तीन, चार. तू वायर किंवा पाइप काढायच्या आधी खूण करत जा.

प्रश्न : 2019 च्या पुरात आमचा चार सिलिंडरचा ट्रॅक्टर गोठ्यात पाण्याखाली गेला. पाणी उतरल्यावर मेव्हण्यानं दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढून चालू करायचा प्रयत्न केला. आतून ठण्‌कन आवाज आला. इंजिन खोललं तर फक्त 4 नंबरचा रॉड वाकलेला. पाणी तर सगळीकडं होतं, मग एकच कसा? घरात अजून म्हणतात, रॉड आधीच खराब होता.
— एक शेतकरी, भिलवडी (ता. पलूस)

रॉड आधीचा खराब नव्हता, आणि मेव्हण्यालाही दोष देऊ नका. त्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, माणसं सहा-सात दिवस घराबाहेर होती, घरी आल्यावर प्रत्येकाला आधी काहीतरी चालू करून बघायचं होतं. तेव्हा असे रॉड मी बरेच बघितले.

चार सिलिंडरचं इंजिन कुठंही थांबलं तरी चौघं चार वेगवेगळ्या स्ट्रोकमध्ये असतात. एक हवा ओढतोय, एक दाबतोय, एक मारतोय, एक धूर बाहेर टाकतोय. समजा तुमचं इंजिन 1 मारण्याच्या स्ट्रोकमध्ये असताना थांबलं. 1-3-4-2 च्या हिशेबानं 3 दाबतोय, 4 ओढतोय, 2 धूर टाकतोय. 1 आणि 3 चे व्हॉल्व्ह बंद. 4 चा इनटेक उघडा, 2 चा एक्झॉस्ट उघडा. पुराचं पाणी एअर क्लिनरमधून आणि सायलेन्सरमधून आत आलं, पण त्याला दार मिळालं ते 4 आणि 2 चंच.

मग ओढलं. 2 चा पिस्टन वर आला, पण त्याचा एक्झॉस्ट उघडा होता, पाणी बाहेर फेकलं गेलं. 4 मात्र ओढण्याच्या स्ट्रोकमध्ये होता, त्याच्यानंतर दाबण्याचा येतो. दोन्ही व्हॉल्व्ह बंद झाले आणि पिस्टन पाणी घेऊन वर निघाला. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मागून दुसरा ट्रॅक्टर चाकांतून क्रँक फिरवतोय, वर पाणी हटत नाही, मधे अडकलेला रॉड वाकणार नाही तर काय करणार? तुमचं पत्र वाचून मी कागदावर मांडलं तेव्हा 4 हाच आकडा आला. घरी हे वाचून दाखवा.

पुन्हा अशी वेळ आली, येऊ नये, तर स्टार्टरला हात लावू नका आणि ओढू तर अजिबात नका. बॅटरीची वायर काढा. चारही नोझल काढा. पुलीचा नट पान्यानं हातानं फिरवा, नोझलच्या भोकातून पाणी कारंज्यासारखं बाहेर येतं. दोन-तीन फेऱ्या पूर्ण सहज फिरल्या की मग ऑइल बघा. दुधाळ चहासारखं दिसत असेल तर काढून टाका, फिल्टरसकट. टाकीतलं डिझेलही. सगळ्या भोकांत थोडं थोडं ऑइल सोडून पुन्हा फिरवा, म्हणजे लायनरला गंज धरत नाही. पाणी उतरल्यावर जितके दिवस जातील तितका गंज वाढतो, म्हणून मेकॅनिक मिळत नसेल तरी एवढं घरी करून ठेवा.

आणि रॉड वाकलाय का ते हेड काढल्यावर मिनिटात कळतं. प्रत्येक पिस्टन पाळीपाळीनं वरच्या टोकाला आणा, ब्लॉकवर सरळ पट्टी आडवी ठेवा, पट्टी आणि पिस्टनमधली फट मोजा. तिघांची सारखी येते. चौथ्याची वेगळी आली, पिस्टन खाली राहिला, की तो रॉड आखूड झालाय, म्हणजे वाकलाय. डोळ्यांना सरळ दिसला तरी वाकलाय.

प्रश्न : विहिरीवर आमच्या वडिलांच्या काळातलं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे. चालतं अजून. त्याचं चाक एवढं जड का केलं असेल? नातू म्हणतो, लोखंड वाया घालवलंय.
— एक आजोबा, जत

आजोबा, नातवाला सांगा, ते चाकच बाकीचे सिलिंडर आहे. एकाचं इंजिन 720 अंशांत एकदाच मारतं. उरलेले तीन स्ट्रोक, म्हणजे हवा ओढणं, दाबणं, धूर फेकणं, हे सगळं त्या एका ठोक्यातून चाकानं साठवून ठेवलेल्या जोरावर होतं. किर्लोस्करांचं एव्ही-वन घ्या, 553 सीसी, 5 एचपी, 1,500 आरपीएम. मिनिटाला 750 ठोके. दोन ठोक्यांमध्ये क्रँक दोन फेऱ्या फिरतो, त्यातली दीड फेरी चाकाच्या भरवशावर. चाक हलकं केलं तर इंजिन दाबायच्या स्ट्रोकलाच अडकेल.

आपल्या मुलखाला एका सिलिंडरचा आवाज नवा नाही. किर्लोस्करवाडी 1910 ची. धनजीशा कूपर यांचा कारखाना साताऱ्याजवळ सातारा रोडला उभा राहिला तो 1922 चा. नांगरापासून सुरू झालेली ही नावं पुढं इंजिनांवर आली. माझे वडील बांधावर उभे राहून मळ्यातल्या इंजिनाचा आवाज ऐकायचे आणि सांगायचे, पाणी तळाला गेलं. पंपावरचा भार हलका झाला की ठोका बदलायचा. आवाज ऐकायची सवय मला तिथून लागली. इंजिन जपा, आजोबा.

प्रश्न : आमच्या छोट्या कारमध्ये सिग्नलला एसी चालू असला की गाडी थरथरते. सर्व्हिसिंगमध्ये म्हणतात, "तीन सिलिंडर आहे, असंच असतं." खरं का?
— एक शिक्षिका, विटा

ताई, अर्धं खरं. मारुती 800 पासून आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत तीन सिलिंडर आहेत, कारण इंजिन आखूड होतं, आडवं बसतं, पुढच्या चाकांच्या मधे मावतं. एसीचा भार आला की स्लो थोडा बसतो आणि ठोके कळतात. पण गाडी तीन-चार वर्षांची असेल तर इंजिनाचं रबरी माउंटिंग बघायला सांगा. रबर फाटलं किंवा बसलं की तीच थरथर दुप्पट होते, आणि माउंटिंग बदलायला इंजिन खोलावं लागत नाही.

प्रश्न : हेड गॅस्केट वर्षात दोनदा गेलं. दोन्ही वेळा 2 आणि 3 नंबरच्या मधेच जळलं. गॅस्केट चांगल्या कंपनीचं होतं.
— एक ट्रकमालक, आटपाडी

गॅस्केट बिचारं काय करील, खालचा पृष्ठभागच सरळ नसेल तर. सरळ ओळीच्या इंजिनाचं हेड लांब असतं. मधल्या दोघांना दोन्ही बाजूंनी गरम शेजारी, टोकाच्या दोघांना एकच. इंजिन एकदा जरी तापलं असेल तरी हेड मधे धनुष्यासारखं उचलतं, आणि 2-3 च्या मधली भिंत आधीच अरुंद, तिथून दाब निसटतो. एकमेकांशेजारच्या दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकदम पडलं की मी हेड न काढताच सांगतो, गॅस्केट त्या दोघांच्या मधे गेलं.

हेड प्लेन करून घेतलंत असं पत्रात आहे. ब्लॉकचा माथा तपासलात का? बहुतेक वेळा तोच राहतो. पट्टी उभी, आडवी आणि दोन्ही तिरक्या रेषांत ठेवायची, खालून फिलर गेज घालून बघायचं. आणि बोल्ट आवळताना मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडं जायचं, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानं. एका टोकापासून आवळत गेलं की मधे फुगवटा राहतो. भाकरी थापताना मधून कडेकडं जातो, तसं.

प्रश्न : मी एसटीत चालक होतो, आता निवृत्त आहे. आयुष्यभर सहा सिलिंडरच्या गाड्या चालवल्या. चारापेक्षा सहाचं इंजिन इतकं मऊ का चालतं? आणि इतकं मऊ चालणारं इंजिन असूनही माझ्या पुतण्याच्या ट्रकचा क्रँक मधोमध तुटला, तो कशानं?
— एक वाचक, कवठेमहांकाळ

काका, तुमच्या हातांनी जे अनुभवलं ते बरोबर आहे. सहात ठोका दर 120 अंशांनी पडतो. एकाचा जोर संपायच्या आधीच दुसऱ्याचा सुरू झालेला असतो, खंड नाही. आणि तोल. पिना तीन जोड्यांत : 1-6, 2-5, 3-4. पुढचे तीन म्हणजे तिनाचं एक इंजिन, मागचे तीन म्हणजे त्याचंच आरशातलं रूप. पुढच्याचा पाळणा एकीकडं झुलतो तेव्हा मागच्याचा दुसरीकडं, दोन्ही एकमेकांना थांबवतात. चारात जो 63 आणि 47 चा न जुळणारा हिशेब होता, तोही इथं जुळतो. सरळ ओळीत तोलाच्या बाबतीत सहापेक्षा चांगली मांडणी नाही. म्हणून बीएमडब्ल्यूनं ही मांडणी सोडली नाही, आणि मधे व्ही आकाराकडं गेलेली मर्सिडीज 2017 साली पुन्हा सरळ सहाकडं आली.

ट्रकवाल्यांच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे टाटाचं 497 आणि 697. पहिला आकडा सिलिंडरचा, पुढचे दोन बोअरचे, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचे. 97 मिमी बोअर, 128 मिमी स्ट्रोक. चाराचे 3,783 सीसी, सहाचे 5,675. पिस्टनचं माप तेच, ओळ फक्त दोनानं लांब. सरळ ओळीचा हाच मोठा फायदा आहे. जहाजांत तर ही ओळ 14 पर्यंत गेलेली आहे. 2006 मध्ये एम्मा मर्स्क या मालवाहू जहाजात बसवलेल्या इंजिनाचे 14 सिलिंडर एका ओळीत आहेत, बोअर 960 मिमी, स्ट्रोक अडीच मीटर. माणूस आत उभा राहील.

पण ओळ लांब झाली की क्रँकही लांब होतो, आणि लांब क्रँक पिळला जातो. ओला टॉवेल दोन्ही हातांनी पिळतो तसा, फक्त केसाएवढा. प्रत्येक ठोका त्याला जरा पिळतो आणि तो परत सुटतो. ठरावीक रेसला हे पिळणं-सुटणं एकावर एक चढत जातं, झोक्याला नेमक्या वेळी धक्का दिल्यासारखं. ते शोषून घ्यायला क्रँकच्या पुढच्या टोकाला डॅम्पर बसवलेला असतो. मधे हब, बाहेर जड कडं, दोन्हींच्या मधे रबर. लोक त्याला नुसती पुली समजतात.

पुतण्याच्या क्रँकचा फोटो तुम्ही पाठवलात तो मी भिंग लावून बघितला. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग गुळगुळीत आहे आणि त्यावर झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारख्या रेषा आहेत. उरलेला भाग खरबरीत, ताजा. म्हणजे तो एका दिवसात तुटला नाही. पिनेच्या गळ्यापाशी बारीक चीर पडली, महिनोन्‌महिने वाढत गेली, आणि उरलेलं लोखंड पुरेनासं झालं तेव्हा तुटला. तशी चीर पडायची मुख्य कारणं दोन. एक, क्रँक ग्राइंड करताना पिनेच्या गळ्याची गोलाई नीट राखली नाही, तिथं कोपरा राहिला. हे काम आमच्या लोकांचं आहे, आणि घाईत होतं, मी नाकारत नाही. दुसरं, डॅम्परचं रबर मेलेलं. फोटोवरून पुतण्याच्या क्रँकमध्ये यातलं कुठलं ते मी सांगणार नाही, पण नवीन क्रँक बसवताना जुनाच डॅम्पर परत लावला असेल तर आजच बघायला सांगा.

बघायचं कसं : इंजिन बंद, पुढची जाळी काढा, डॅम्परचं तोंड डिझेलनं पुसून कोरडं करा. हबपासून रबर ओलांडून बाहेरच्या कड्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ बारीक रेघ ओढा. आठ-पंधरा दिवस गाडी नेहमीसारखी चालवा. मग परत पुसून बघा. रेघ एकसंध असेल तर ठीक. हबवरची रेघ एकीकडं आणि कड्यावरची दुसरीकडं सरकलेली दिसली, किंवा रबर बाहेर फुगलेलं, भेगाळलेलं दिसलं, तर गाडी तिथंच उभी करा आणि डॅम्पर बदलूनच पुढची खेप धरा.